ओढीचं कलम

"अश्फाक, उघड आता डोळे," उर्मिला म्हणाली.

डॉ. अश्फाक शेखने डोळे उघडले, डोक्यावरचं स्पंदकाचं शिरस्त्राण काढून मांडीवर ठेवलं आणि केसांतून हात फिरवला. समोरच्या पडद्यावर एका खेळाडूचं छायाचित्र आलं. उंच, सावळा, कपाळावर पट्टी बांधलेला आणि चेंडू छातीशी धरून हसणारा.

"कोण आहे हा?"

"काय मॅडम, थट्टा करता का? सुजय टेंभुर्णे. आपल्या नागपूर गरुडचा कर्णधार."

"बघून काय वाटतं?"

अश्फाकने जरा विचार केला. "चांगला खेळतो," तो म्हणाला.

हा तोच अश्फाक होता, ज्याने सुजयचा सामना आहे म्हणून सख्ख्या भावाची वरात अर्ध्यात सोडली होती. सुजयचा घोटा मुरगळला तेव्हा याने दर्ग्यात चादर चढवली होती. सुजय हाच आमच्या घरातला थोरला मुलगा, असं अश्फाकची बायको चारचौघांत चिडवायची. आणि आता म्हणे 'चांगला खेळतो'. शेजाऱ्याच्या मुलाचा निकाल ऐकून म्हणावं तसं.

उर्मिलाने दुसरं छायाचित्र लावलं. लुधियानाचा जशनदीप, नुकती मिसरूड फुटलेला, कॅमेऱ्याकडे बघायलाही बुजणारा. अश्फाक खुर्चीत पुढे सरकला. "मनगट बघा मॅडम त्याचं! हा पोरगा नागपूरचं नाव काढणार, लिहून ठेवा." हे नाव त्याने पहिल्यांदा ऐकलं त्याला आठवडाही झाला नव्हता.

खोलीच्या मागच्या बाजूला संघाचे व्यवस्थापक दिगंबर पांढरीपांडे हाताची घडी घालून उभे होते. कडक इस्त्रीचा सदरा, पण कपाळावर घाम. "हे जादूटोण्यासारखंच दिसते मॅडम," ते म्हणाले. "मला समजेल असं सांगा जरा."

"काटोलला तुमची संत्र्याची बाग आहे ना? झाड कसं करता?"

"जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो."

"तेच आहे हे. मूळ जुनं, खुंट जुना, वर डोळा तेवढा नवा. माणसाचा कुणावर जीव जडतो तेव्हा त्याच्या मेंदूत पेशींचं एक जाळं विणलं जातं. आम्ही त्याला ओढजाळं म्हणतो. ते विणायला वर्षं लागतात आणि आम्हाला काही ते विणता येत नाही. पण ते कुणाला धरून आहे, एवढं मात्र बदलता येतं. माणूस आपल्या आवडत्याकडे जीव लावून बघत असताना चुंबकीय स्पंद सोडला, की जाळं निमिषभर सुटतं. त्या निमिषात नजर ज्याच्यावर जाईल, त्याला ते धरतं."

"आणि हजारो लोकांची नजर एका वेळी कशी हलवाल?"

उत्तर अश्फाकने दिलं. "बास्केटबॉलमध्ये ते सोपं आहे साहेब. पास! सुजयने चेंडू जशनकडे टाकला की सगळ्या हॉलचे डोळे चेंडूबरोबर जातील. चेंडू हवेत असतानाच स्पंद सुटला पाहिजे. अट एकच. नव्याकडे बघणाऱ्याने मनापासून बघितलं पाहिजे, त्याचं भलं व्हावं असं त्याला वाटलं पाहिजे. तोंड फिरवून बसलेल्यावर कलम जमत नाही. करून पाहिलंय आम्ही."

"मग जुन्या खेळाडूसाठी काय उरते?"

"काही नाही," उर्मिला म्हणाली. "ओढ वाटली जात नाही, पांढरीपांडे. ती फक्त हलते."

हे सगळं ज्या फेरवाटपामुळे सुरू झालं, त्यामागचा हेतू वाईट नव्हता. श्रीमंत संघांनी सगळे हिरे आपल्याच गाठीला बांधू नयेत, म्हणून महासंघ दर दोन वर्षांनी चिठ्ठ्या टाकायचा आणि खेळाडू नव्याने वाटायचा. पण चिठ्ठी निघाली म्हणून मन थोडंच निघतं! गेल्या वाटपात नागपूरचा लाडका खेळाडू गेला आणि त्याच्या जागी साताऱ्याचा निनाद म्हणून एक पोरगा आला. त्याचा गुन्हा एवढाच, की तो दुसऱ्याच्या जागी उभा होता. पहिल्याच सामन्यात सज्ज्यातून बाटली आली. निनादचा डावा डोळा गेला. डॉक्टर येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन सुजय कोर्टवर बसून होता. बाटली फेकणारा सज्ज्यात हमसून हमसून रडत होता म्हणे. प्रेम आंधळं असतं हे ठीक, पण ते दुसऱ्याला आंधळं करतं हे नागपूरने त्या दिवशी बघितलं.

यंदाच्या चिठ्ठीत सुजयचंच नाव निघालं. कोचीला. आणि सुजय तडक मावशीच्या प्रयोगशाळेत आला. उर्मिला त्याच्या आईची धाकटी बहीण.

"मावशी, मी तर जाऊन राहिलो," तो म्हणाला होता. "पण माझ्या जागी तो पोरगा येऊन राहिला ना, त्याला हे लोक खातील. तुझं ते यंत्र चालते का?"

"चाललं तर तुला कोणी विचारणार नाही, सुजय. ओळखतील, पण थांबणार नाहीत."

"बरंच आहे. तर्री-पोहे तरी गरम खायला भेटतील."

तो हसला होता. तिला नाही म्हणवलं नाही. निनादची मिटलेली पापणी तिनेही बघितली होती.

आता सुजय प्रयोगशाळेच्या दारातून वाकून आत आला, कारण त्याच्या उंचीला कोणतंच दार पुरत नसे. अश्फाकने मान हलवून ओळख दिली आणि पुन्हा पडद्याकडे बघायला लागला. सुजयने ते टिपलं, डोळे मिचकावले आणि म्हणाला, "मशीन चालते म्हणजे."

"एक अडचण आहे," उर्मिला म्हणाली. "चाहता कोण आणि सख्खा कोण, हे स्पंदाला कळत नाही. मेंदू नात्यांच्या वेगळ्या चुली मांडत नाही. आईचा जीव असतो तोही त्याच जाळ्यात. आईचं जाळं दाट असतं, एवढाच फरक."

पांढरीपांडेंनी घाम पुसला. "म्हणजे आई हॉलमध्ये असली तर..."

"तर ती घरी जाऊन जशनसाठी स्वयंपाक करेल."

कुणीच हसलं नाही. मग तिने कवचकक्षाबद्दल सांगितलं. हॉलच्या वरच्या कडेला काचेची एक खोली, काचेत धातूची बारीक जाळी. तिच्यात स्पंद शिरत नाही. "ज्यांचा तुझ्यावर खरा जीव आहे, ती सगळी माणसं त्या वेळेला आत हवीत. एकही बाहेर नको. सांग, कोण कोण?"

सुजय बोटं दुमडत गेला. "आई. बाबा. सानिका." सानिकाशी त्याचं लग्न ठरलं होतं. "शाळेतले भोंगाडे सर. आणि तू." तो थांबला, आठवून पाहिलं. "बस. आणखी कोण असणार? बाकी सगळे टाळ्या वाजवणारे."

"मी तर सुटलोच," अश्फाक म्हणाला, आणि या वेळी मात्र सगळे हसले.

सुजयचा नागपूरकडून शेवटचा आणि जशनचा पहिला सामना रविवारी दुपारी होता. तिकीट देतानाच प्रत्येकाला स्पंदाची कल्पना देऊन संमती घेतली होती. ज्याला नको असेल त्याने घरी बसून बघावं. काही जुने चाहते रागाने घरीच राहिले, पण हॉल तरीही खच्चून भरला. मन तुटण्यापेक्षा मन वळलेलं बरं, असं लोकांना वाटलं असावं. शेवटचं म्हणून सगळे सुजयच्या नावाने ओरडून घेत होते. कोर्टवर लटकणाऱ्या प्रचंड पडद्यावर त्याचा चेहरा दिसला की छत हादरायचं.

सुजयची आई कुंदाताई मात्र घुश्शात होत्या. त्या स्वतः एकेकाळी भंडारा जिल्ह्याकडून खेळलेल्या. पुढे शाळेत शारीरिक शिक्षण शिकवलं, पोराच्या हातात चेंडूही त्यांनीच दिला. "पोराचा इथला शेवटचा सामना, आणि मी काचीच्या डब्यात बसू? लोणचं आहे का मी?" असं म्हणत त्या कशाबशा खुर्चीत टेकल्या होत्या.

शेवटचं सत्र सुरू झालं. जशनला आत घेतलं गेलं, तेव्हा सज्ज्यातून पहिली शिट्टी आली. मग दुसरी. मग "चोर, चोर" असा एक सूर उठला, आणि तो वाढायला लागला. जशनच्या हातून चेंडू निसटला. पोरगा खाली मान घालून मागे धावला.

"आता, मॅडम," अश्फाक म्हणाला. तो कक्षातल्या नियंत्रणपटलाशी बसला होता.

"सिद्ध कर."

स्पंदक सिद्ध झाला. इथून पुढे माणसाचं काम नव्हतं, तेवढा वेग माणसाच्या बोटाला नसतो. चेंडूच्या आत बसवलेला संवेदक सुजयकडून जशनकडे गेलेला पास ओळखणार, आणि स्पंद आपोआप सुटणार. उर्मिलाने सवयीने एकदा खोलीवरून नजर फिरवली. भावजी होते. सानिका होती. भोंगाडे सर काचेला नाक लावून उभे होते.

कुंदाताईंची खुर्ची रिकामी होती.

"भावजी, ताई कुठं आहे?"

सुजयच्या बाबांनी कोर्टवरून नजर न काढता सांगितलं, "खाली गेली. दृष्ट काढते म्हणाली पोराची. येतेच."

प्रत्येक सामन्यात शेवटच्या सत्राला कुंदाताई कोर्टच्या कठड्याशी जाऊन पदराआड मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. सगळ्या नागपूरला हे ठाऊक होतं. शास्त्रज्ञ बहिणीला तेवढं आठवलं नव्हतं!

"रद्द करू?" अश्फाकने विचारलं. "पण मग पुन्हा सिद्ध व्हायच्या आत सामना संपेल."

खाली "चोर, चोर" आता ठेक्यात सुरू झालं होतं. काहीतरी कोर्टवर येऊन पडलं. चप्पल होती. उद्या बाटली असेल.

"मी आणते तिला. सुजय पास टाकतो असं वाटलं आणि आम्ही दारात नसलो, तर रद्द कर. माझी वाट बघू नको."

ती पायऱ्या उतरायला लागली. साडीचा काठ पायात येत होता, माणसं गुडघे बाजूला घ्यायला तयार नव्हती. सुजयच्या हातात चेंडू आला, हॉल उठून उभा राहिला, "चोर, चोर"मध्ये सुजयच्या नावाचा गजर मिसळला, आणि तिला समोर फक्त पाठी दिसायला लागल्या. तिचं स्वतःचं जाळंही उघड्यावर होतं. दुपट्यात गुंडाळलेला सुजय तिने पहिल्यांदा मांडीवर घेतला होता, ते सगळं एका पासावर टांगलेलं होतं. जमिनीवर आपटणाऱ्या चेंडूचा आवाज येत होता तोवर पास सुटलेला नाही, एवढाच तिला आधार होता.

कुंदाताई कठड्याशी मूठ मिटून उभ्या होत्या.

"ताई, वर चल! आत्ताच्या आत्ता!"

"थांब गं, एक फेरा राहिला."

"तो फेरा राहू दे! अगं, तुला तुझा पोरगा परका होईल!"

"माझा पोरगा? मले?" कुंदाताई हसल्याच. "कोण्या यंत्राच्या बापाची..."

उर्मिलाने पुढचं ऐकलं नाही. तिने आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या बहिणीचं बखोट धरलं आणि ओढत नेलं. मीठ-मोहऱ्या पायऱ्यांवर सांडल्या. वर काचेमागे अश्फाकचा हात रद्द करायच्या कळीवर टेकलेला तिला दिसत होता. तिने मान हलवून नको म्हणून खूण केली. सानिकाने दार उघडून धरलं होतं. दोघी आत कोलमडल्या, दार लागलं, आणि त्याच श्वासात सुजयने दोन खेळाडूंच्या मधून चेंडू जशनकडे टाकला.

ना आवाज झाला, ना दिवे लुकलुकले. फक्त "चोर, चोर" मध्येच तुटलं, एखाद्याने वाक्य विसरावं तसं.

जशनने उडी घेतली. चेंडू रिंगला न शिवता जाळीतून खाली आला. सगळा हॉल त्याच्या नावाने फुटला. गालावर 'सुजय' लिहून आलेली एक पोरगी उड्या मारत जशनला हाक मारत होती. चप्पल फेकणारा माणूसही त्यांच्यातच कुठेतरी असणार.

"झालं," अश्फाक म्हणाला आणि डोळे पुसायला लागला. उर्मिला भिंतीला टेकून खाली बसली. तिला हसू येत होतं. जशनचे दोन्ही डोळे शाबूत राहणार होते. बहिणीला तिचा मुलगा राहिला होता. एवढ्या मोठ्या कामात एकही माणूस हरवला नव्हता.

कुंदाताई काचेशी उभ्या होत्या. "कोणी पाहून नाही राहिलं गं त्याच्याकडे," त्या हळूच म्हणाल्या.

"तू पाहते ना. पुरे की."

शेवटच्या काही मिनिटांत जशनच्या हातून एक चेंडू सीमेबाहेर जायला लागला. सुजयने त्याच्यामागे स्वतःला असं झोकून दिलं, की तो गुणलेखकांच्या टेबलावरून पलीकडे जाऊन आदळला. चेंडू मात्र त्याने आत ढकलला होता, जशनच्या हातात. हॉलमध्ये कुणी श्वास रोखला नाही, सगळे चेंडूकडे बघत होते. किंकाळी फुटली ती फक्त काचेच्या खोलीत. सुजय उठला. डावा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. तो तसाच उभा राहून जशनला ओरडून प्रोत्साहन देत राहिला.

"निरोपाचा सामना आहे. अंगात आलंय त्याच्या," भोंगाडे सर म्हणाले. उर्मिलालाही तसंच वाटलं.

सामना संपला, तेव्हा जशन स्वतः त्याला खांद्याचा आधार देऊन वर घेऊन आला. पोरगा रडकुंडीला आला होता. "मॅडम, देखिए ना. हड्डी टूटी है, और डॉक्टर के पास चल ही नहीं रहे. बोलते हैं, पहले तू पानी पी."

सुजयचा चेहरा वेदनेने पांढरा पडला होता आणि त्यावर हसू होतं. सानिका धावली, तशी त्याने तिला उजव्या हाताने नेहमीसारखं जवळ घेतलं. आईकडे बघून डोळे मिचकावले. उर्मिलाला हायसं वाटलं. ती गुडघ्यांवर बसून त्याचा हात तपासायला लागली.

"दुखतं का रे?"

"खूप."

"मग डॉक्टरकडे का जात नाहीस?"

तो तिच्याकडे बघत राहिला. प्रश्न कळत होता, पण त्यात विचारण्यासारखं काय आहे ते कळत नव्हतं. "दुखते. पण त्याचं काय?" तो म्हणाला. आणि मग उत्साहाने, "मावशी, याची ती उडी पाहिली का? याला जपलं पाहिजे. याचे गुडघे जपले पाहिजेत. मी त्याला म्हटलं, माझे जोडे तू घेऊन जा."

उर्मिलाचे हात थांबले. तिने अश्फाककडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरत गेला होता. त्यालाही कळलं होतं.

हॉलमधली सगळी माणसं सुजयचं नाव घेत असताना त्या नावाने सगळ्यात जास्त कोणाचं जाळं जागं झालं असेल? ज्याचं नाव होतं त्याचं. पास टाकल्यावर जशनकडे त्याच्याइतकं मनापासून कोण बघत होतं? पोराला मार पडू नये, पोराची बास्केट व्हावी, असं त्याच्याइतकं कोणाला वाटत होतं? भूक लागली तर जेवावं, चटका बसला तर हात मागे घ्यावा, उद्या सकाळी उठावं, एवढ्यासाठी जी ओढ माणसाला स्वतःची असते, ती त्याच जाळ्यात असते. मेंदू वेगळी चूल मांडत नाही, हे तिनेच सांगितलं होतं. आणि तिने विचारलं तेव्हा त्याने सगळी माणसं सांगितली. कोणीही सभ्य माणूस स्वतःला सोडूनच सांगेल.

"उलटं फिरवू," ती घाईने म्हणाली. "जशनकडून सुजयकडे. आरसा लावू, पडदा लावू. अश्फाक!"

अश्फाकने नकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "त्याने मनापासून बघायला हवं मॅडम. स्वतःकडे. त्याचं भलं व्हावं, असं वाटून."

"सुजय, हे बघ," तिने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "चूक झाली माझी. तुझी स्वतःची ओढ गेली आहे. ती परत आणू या. तुझ्यासाठी."

"त्यात जशनला काही होईल?"

"त्याला काही नाही होणार. तुला त्याच्याबद्दल आत्ता वाटतं तेवढं वाटणार नाही, एवढंच."

सुजयने हलकेच तिचे हात बाजूला केले. आपला जीव कुणी मागितला तर माणूस मागे सरतो, तसा तो मागे सरला. "मग नको मावशी," तो म्हणाला.

कुंदाताईंना शास्त्र कळलं नव्हतं, पण पोरगा कळला. त्या त्याच्याजवळ जमिनीवर बसल्या. मोडका हात त्यांनी पदरात अलगद घेतला, तसा तो कळवळला, पण हात त्याने आपणहून सावरला नाही. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली. "माझ्यासाठी कर रे राजा," त्या म्हणाल्या. "मी म्हणते म्हणून आरशात पाह्य."

आईवरची त्याची माया जिथल्या तिथे होती. त्याला तिचं रडणं बघवेना. त्याने आज्ञाधारकपणे काचेतल्या आपल्या प्रतिबिंबाकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं, आणि नजर काढून घेतली. मग चांगल्या हाताने त्याने आईचे डोळे पुसले.

"बघतो ना आई, तू म्हणशील तेवढा वेळ बघतो," तो म्हणाला. "पण तू एवढी कोणासाठी रडून राहिली?"